विमा भरलेला आहे

अकरा वर्षांनी काका या घरातल्या माणसाशी बोलले, आणि बोलले ते एवढंच, "चारला येतो घरी. गाडीची पॉलिसी काढून ठेव."

एवढं बोलून, उजव्या हाताचं ओलं प्लॅस्टर डाव्या हातावर तान्ह्या मुलासारखं तोलत, ते आपल्या फाटकातून, म्हणजे फाटकाचं जे काही उरलं होतं त्यातून, आत गेले. मास्तर रस्त्यातच उभे राहिले. बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अर्ध्या शहराला गाडी शिकवलेला माणूस. घरातले, बाहेरचे, सख्खी भावंडंसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायची. आणि त्या मास्तरांची गाडी मागच्या चाकांनी काकांच्या फाटकाच्या खांबावर चढून बसली होती.

थोरलीला, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, हे कळलं तेव्हा साडेबारा वाजले होते. रविवारी औषधांचं दुकान अर्धा दिवस. ती दारात चपला काढते न काढते तोच मास्तरांनी सगळं सांगून टाकलं आणि सांगताना एकदाही तिच्याकडे बघितलं नाही, पायपुसण्याकडे बघत राहिले.

अपघात असा, की दुसऱ्या कुठल्या घराच्या हातून तो झालाच नसता. काका चार गल्ल्या सोडून राहतात. अण्णांचं, म्हणजे मास्तरांच्या वडिलांचं आणि त्यांच्या या धाकट्या भावाचं बिनसलं, तेव्हापासून या घराने एक शिस्त पाळली होती. काकांच्या फाटकावरून जाताना मान दुसरीकडे करायची. तसं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा अण्णांनी केली, मग सगळ्यांनी. मास्तरांची बहीण तर ऊन नसलं तरी त्या गल्लीत छत्री उघडायची आणि फाटकाच्या बाजूला कलती धरायची. अण्णा जाऊन चौदा महिने झाले, पण शिस्त कशी जाईल?

तर सकाळी मास्तर त्या गल्लीतून निघाले आणि समोरून कचऱ्याची गाडी आली. गल्ली अरुंद, मागे घ्यावं लागलं. मागे घेण्यावर मास्तरांचा वेगळा तास असतो. मधला आरसा, डावा आरसा, उजवा आरसा, आणि मग मान वळवून स्वतःच्या डोळ्यांनी मागे बघायचं. शिकवतात तसंच ते बघायला लागले. पण मान वळली आणि मागच्या काचेत काका दिसले, हातात पाण्याची झारी. त्यासरशी अकरा वर्षांची सवय मानेत शिरली, मान गर्रकन दुसरीकडे झाली आणि पाय मात्र होता तिथेच राहिला. खांब गेला. काका मागे उडी मारायला गेले आणि सगळ्यात मोठ्या कुंडीत बसले, हात खाली सापडला. मनगटाच्या हाडाला केसभर तडा.

पुढचे दोन तास दोघं दवाखान्याच्या एकाच बाकावर बसले होते, मध्ये एक अनोळखी बाई आणि तिची पिशवी. परिचारिकेने कागद भरताना विचारलं, सोबतचे कोण लागतात तुमचे? मास्तर छताकडे बघायला लागले. काकांनी तीस वर्षं टॅक्सी चालवली होती, विम्याची भाषा त्यांना पाठ. ते म्हणाले, "कोणी लागत नाहीत. मी यांचा थर्ड पार्टी आहे."

"मग पॉलिसी काढून ठेवा ना," थोरली म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"अण्णांच्या पाकिटात आहे," मास्तर म्हणाले. म्हणजे पाकीट उघडावं लागणार होतं.

अण्णा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढल्या, आणि घरात चूक होऊ नये म्हणून सगळे कागद पाकिटांत घातले. प्रत्येक पाकिटावर सुवाच्य अक्षरात आतला मजकूर आणि आज्ञा. 'विजेची बिलं. जुनी फेकू नयेत.' 'घराची कागदपत्रं. फक्त तिघं एकत्र असताना उघडावं.' ते गेल्यावर ती पाकिटं कपाटात जशीच्या तशी होती. त्यांचं वाक्य खोडायची घरात कुणाची छाती नव्हती, पूर्वीही आणि आताही. गाडीच्या पाकिटावर लिहिलं होतं : 'गाडी. विमा भरलेला आहे. पुन्हा कोणी भरू नये.' खाली दोन रेघा. त्यामागे इतिहास होता. एका वर्षी मास्तरांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने एकमेकांना न विचारता एकाच गाडीचा विमा दोनदा भरला होता. अण्णा इतके संतापले की त्यांनी दोन दिवस दोघांच्या बोलण्यातल्या व्याकरणाच्या चुका काढल्या.

जेवायच्या टेबलाभोवती सगळे जमले. ताई, म्हणजे मास्तरांची ती छत्रीवाली बहीण, दर रविवारी येतेच. पोस्टाच्या खिडकीवर एकतीस वर्षं शिक्के मारते, आणि ती बोलली तरी वाक्याच्या शेवटी शिक्का बसल्यासारखं वाटतं. धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर राहतो, लिफ्ट दुरुस्त करतो. आई खिडकीपाशी तिच्या नेहमीच्या खुर्चीत होती. मांडीवर अण्णांचा फोन. रोज दुपारी ती तो चार्जिंगला लावते, आधी पदराने काच पुसते. त्यात काय आलंय ते वाचत नाही. दुसऱ्याचे निरोप वाचायचे नसतात, असं तिचं म्हणणं. ज्याचे निरोप तो आता नाही, हे तिला कुणी म्हणायला धजावलं नव्हतं.

पाकीट कुणी उघडायचं यावर बराच खल झाला आणि शेवटी ते थोरलीकडे आलं, कारण ती सून. आडनाव लावलं तरी अण्णांचं रक्त नाही, त्यामुळे आज्ञाभंगाचा दोष जरा पातळ लागेल असा ताईचा हिशेब.

थोरलीला दुकानात एक खोड लागलेली आहे. कुठलीही डबी हातात आली की ती नाव बघायच्या आधी मुदत बघते. दर महिन्याला सगळी फडताळं उतरवून मुदत संपलेली औषधं वेगळी काढायचं काम तिचंच. पाकिटातून कागद बाहेर आला आणि तिची नजर सरळ तारखेवर गेली. अण्णांनी जायच्या आधी भरलेला विमा वर्षभराचा होता. तो संपूनही दोन महिने होऊन गेले होते.

"मुदत संपलीय," ती म्हणाली. दुकानात म्हणते त्याच आवाजात.

पाकीट टेबलाच्या मधोमध पडलं होतं, लेखी आश्वासन देत.

आता हा विमा म्हणजे काय, हे मास्तर दर गुरुवारी नव्या विद्यार्थ्यांना फळ्यावर दोन चौकोन काढून समजावतात. पहिल्या चौकोनात तुमची गाडी, दुसऱ्यात बाकीचं सगळं जग, म्हणजे थर्ड पार्टी. तुमची गाडी ठोकली, जळली, चोरीला गेली, तो तुमचा प्रश्न. त्याचा विमा घ्या, नका घेऊ, कायदा विचारायला येणार नाही. पण तुमच्या गाडीने दुसऱ्याचा हात मोडला, दुसऱ्याची भिंत पडली, तर त्याची भरपाई कुठून होणार याची सोय आधी करायची आणि मगच चाक रस्त्यावर आणायचं. ती सोय नसेल तर चालवणारा दोषी आणि ज्याच्या नावावर गाडी आहे तोही. बुधवारी रात्री जेवताना मास्तर हा तास बायकोसमोर घोकतात. थोरलीला दर वेळी वाटायचं, हा कायदा लिहिणाऱ्यांत एखादा देवमाणूस बसलेला असणार. आपलं आपण सांभाळा म्हणणारे ढीगभर भेटतात. हा म्हणतो, तुझं तू बघशील रे बाबा, आधी तुझ्या हातून ज्याचं बिघडेल त्याचं बघून ठेव. एवढं एक माणसाच्या गळी उतरावं म्हणून संतांनी जन्म वेचले, गाऊन गाऊन सांगितलं. कायद्याने दंड लावला आणि लोक गुपचूप भरायला लागले. निदान बाकीच्या घरांतले तरी.

"लायसन जाईल," मास्तर म्हणाले. "तीन महिने, सहा महिने, कितीही. आणि शाळा ठेवणार नाही मला. ज्याचं स्वतःचं लायसन जप्त, तो दुसऱ्याला काय शिकवणार? मीच दर गुरुवारी सांगतो हे."

खरी गोष्ट ती होती. दंड भरता आला असता, खांब बांधून देता आला असता. पण मास्तरांकडून शिकवणं काढून घेतलं तर मागे काय उरतं, हे थोरलीला ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा जेवताना त्यांचा डावा पाय टेबलाखाली कुणाच्या तरी चुकीवर ब्रेक मारत असायचा.

मग दोष कुणाचा हे ठरवायला सुरुवात झाली. आधी सगळे मास्तरांवर घसरले, कारण गाडी त्यांच्या हातात होती. ताईने विचारलं, की शिकवणाऱ्याला स्वतःची तारीख कळू नये? त्यावर मास्तरांनी धाकट्याकडे बोट केलं, शनिवार-रविवार गाडी फिरवायला हवी, कागद बघायला नको. धाकट्याने ताईला पुढे केलं. अख्ख्या शहराची पत्रं वेळेत पोचवणारी बाई, विम्याच्या आठवणीचं एक पत्र घरी आणू शकली नाही? ताई म्हणाली, आजकाल पत्रं येतच नाहीत, सगळं फोनवर येतं, आणि तिने न राहवून थोरलीकडे बघितलं. वहिनींना तर मुदत बघायचा पगार मिळतो. हे मात्र थोरलीला लागलं, कारण खरं होतं. दर महिन्याला कपाट झाडताना ते पाकीट तिच्या हातात यायचं. फडकं फिरवायचं आणि परत ठेवायचं. चौदा महिने.

एवढं सगळं फिरून झालं तरी एका माणसाचं नाव कुणी घेतलं नाही. ते भिंतीवर फोटोत होते आणि खाली बघत होते, हातात अजून लाल पेन असावं तसे.

"गाडी कुणाच्या नावावर आहे रे?" आईने खिडकीजवळून विचारलं.

तिच्याच नावावर होती. अण्णांनी मुद्दाम तशी घेतली होती, फक्त फोन नंबर स्वतःचा दिला होता.

"म्हणजे मीही गुन्हेगार," आई म्हणाली. तिला त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "चहाचं आधण वाढवून ठेवा. चारला येतो म्हणालाय ना तो? तो साडेतीनलाच येतो."

वेळ थोडा आहे म्हटल्यावर धाकट्याचं डोकं चालायला लागलं. त्याने फोन काढला. नवा विमा इथे बसल्या बसल्या निघत होता, मध्यरात्रीपासून लागू. मागच्या अपघाताला तो चालत नाही, हे त्यालाही माहीत होतं. पण अपघात मागचा आहे हे कुणाला माहीत आहे? काका आज घरच्या घरी पाय घसरून कुंडीत पडले. उद्या सकाळी गाडीने खांब पाडला. दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळे दिवस. फक्त काकांनी तेवढं म्हणायला हवं.

गंमत अशी, की ताईने त्याला उडवून लावलं नाही. सकाळपासून धाकट्यावर दात धरून बसलेली ती खुर्ची सरकवून त्याच्या शेजारी गेली आणि खालच्या आवाजात म्हणाली, की कागद पोस्टाने पाठवले आणि पाकिटावरचा शिक्का जरा पुसट बसला तर तेरा आहे की चौदा हे भल्याभल्यांना कळत नाही. एकतीस वर्षांत जिने एक शिक्का वाकडा मारला नव्हता, ती भावासाठी पुसट मारायला तयार झाली. मास्तरांचे डोळे भरून आले.

आणि थोरलीने काय केलं? ती गप्प राहिली. मुदत संपलेली एक गोळी तिने आजवर कुणाला दिली नव्हती, गिऱ्हाईक हातापाया पडलं तरी. पण आज तिच्या मनात आलं की होऊ दे असं. एकदाच. देवाला काय, कुठलीही तारीख सारखीच. असं मनात आलं आणि तिने फोटोकडे बघायचं टाळलं, काकांच्या फाटकावरून जाताना टाळतात तसं.

"अकरा वर्षांपूर्वी," आई म्हणाली, "त्यानेही हेच मागितलं होतं."

मग पुढे कुणाला काही सांगावं लागलं नाही. थोरलीला तो दिवस आठवत होता. काकांच्या टॅक्सीने एका फळवाल्याची गाडी उलटवली, फळवाल्याचा पाय दुखावला. टॅक्सीचा विमा संपून नऊ दिवस झाले होते आणि शेजारच्या सीटवर अण्णा होते, एकमेव साक्षीदार. काका रात्री इथेच, या टेबलापाशी आले होते. दादा, दहा दिवस आधीची तारीख सांग, एवढंच. अण्णा म्हणाले होते, "तारीख ही काही छपाईची चूक नाही." काकांचं लायसन गेलं, टॅक्सी विकली गेली. फळवाल्याला काकांनी पुढे वर्षभर हातगाडी ढकलून दिली, कामाच्या रूपाने फेड म्हणून. पण भावाचं तोंड पुन्हा बघितलं नाही.

"तोच माणूस आता आपल्यासाठी खोटं बोलणार?" मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा होती आणि तिची त्यांना लाज वाटत होती.

बेल वाजली. साडेतीन.

काका दारात जरा थांबले. घर तेच होतं, पण चपला ठेवायची जागा बदलली होती, त्यामुळे त्यांना विचारावं लागलं. ते त्यांना आवडलं नाही. पांढरं प्लॅस्टर गळ्यातल्या पट्ट्यात, डाव्या काखेत कागद. आईकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. आई म्हणाली, "आधी बसा." ते अण्णांच्या खुर्चीत बसले नाहीत. तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले, जी अण्णांच्या वेळीही त्यांचीच होती.

चहा झाला. धाकट्याच्या फोनवर नव्या विम्याचं पान उघडं होतं आणि त्याचा अंगठा त्यावर तरंगत होता. काकांनी कागद टेबलावर ठेवला. अपघाताचा अर्ज. डाव्या हाताने भरलेला, अक्षरं पावसात भिजलेल्या मुंग्यांसारखी इकडे तिकडे गेलेली.

"सगळं भरलंय," काका म्हणाले. "पॉलिसीचा नंबर तेवढा राहिलाय. तो तू घाल."

मास्तरांनी अर्ज पुढे ओढला.

"आणि तारीख," काका म्हणाले. ते भिंतीवरच्या फोटोकडे बघत होते. "तीही मी घातली नाही. तुला योग्य वाटेल ती घाल. दवाखान्याच्या कागदावर नुसतं पडून मार लागला एवढंच आहे, कशाने ते मी सांगितलेलं नाही."

ताईने श्वास आत घेतला तो बाहेर सोडलाच नाही. अकरा वर्षांपूर्वी जे या टेबलावर त्यांना मिळालं नव्हतं, ते काका त्याच टेबलावर ठेवून बसले होते. रागाने की मायेने, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. कदाचित त्यांनाही कळत नसावं.

मास्तरांनी पेन घेतलं. थोरली त्यांच्या खुर्चीमागे उभी होती, तिथून तिला सगळं दिसलं. त्यांनी आधी समोर आईकडे बघितलं. ती फोनची काच पुसत होती. मग डावीकडे धाकट्याकडे. त्याने अंगठा किंचित खाली आणला. मग उजवीकडे ताईकडे. ताईने डोळे मिटले. तिन्ही आरसे बघून झाले आणि मास्तरांनी, बावीस वर्षं शिकवत आले तशी, संपूर्ण मान वळवून मागे बघितलं. या वेळी मान मध्येच दुसरीकडे गेली नाही. थोरलीवर येऊन थांबली.

तासाभरापूर्वी तिला खोटी तारीख हवी होती. आत्ताही नको होती असं नाही. पण काउंटरपलीकडून कुणी डबी पुढे करून डोळ्यांत बघितलं की तोंडातून जे येतं तेच आलं.

"आज तेरा आहे, अहो," ती म्हणाली.

मास्तरांनी तेरा लिहिली. पॉलिसीच्या रकान्यात लिहिलं, 'मुदत संपलेली'. मग सही केली. धाकट्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि ताईचा श्वास एकदाचा बाहेर आला.

काकांनी अर्ज उचलून चष्म्याजवळ धरला आणि बराच वेळ वाचला. "दादाचाच मुलगा," ते म्हणाले. ही शाबासकी होती की शिवी, ते घरात पुढे कित्येक वर्षं ठरलं नाही.

मास्तर म्हणाले, की खांब ते स्वतः उभे राहून बांधून घेतील. हात बरा होईपर्यंत जे काही लागेल ते या घरातून होईल. उद्या सकाळी ते आधी पोलीस ठाण्यात जातील आणि तिथून शाळेच्या मालकांकडे.

"मालकांना सांग, गुरुवारचा कायद्याचा तास खुर्चीवर बसून घेता येतो," काका म्हणाले. "त्याला लायसन लागत नाही. आणि आता तर तुला अनुभवही आहे."

धाकट्याला हसू फुटलं, ते त्याने कपात घातलं. पण काका हसले नाहीत. ते अजून ताठ बसले होते, काहीतरी पोटात असल्यासारखे. चहाचा दुसरा कप आला तरी तो त्यांनी पुढे ओढला नाही.

"हाताचं काही नाही," ते शेवटी म्हणाले. "खांब जुनाच होता. पण माणसाने कळवल्यावर उत्तर तरी द्यावं. नको लिहू म्हणावं, पण उत्तर द्यावं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काय कळवलं? कुणाला?

"दादाच्या नंबरवर. माझ्याकडे या घराचा दुसरा नंबर होता कुठे? म्हटलं, घरातलं कुणीतरी वाचेल."

आता सगळ्यांच्या नजरा आईच्या मांडीवर गेल्या. आईने दोन्ही हातांनी फोन झाकला, क्षणभरच. मग तिने तो उलटा केला. मागे अण्णांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती : 'उघडण्याचा आकडा', आणि खाली आकडा. चौदा महिने ती चिठ्ठी पदराखाली होती. तिने फोन थोरलीकडे दिला. "तू वाच," ती म्हणाली. "तुला बारीक अक्षर वाचायची सवय आहे."

थोरलीने आकडा दाबला. विमा कंपनीचे निरोप रांगेने उभे होते. आपला विमा संपत आहे. आपला विमा संपला आहे. आदरणीय ग्राहक, अजूनही वेळ गेलेली नाही. ती खाली खाली जात राहिली आणि त्या रांगेत एक निरोप वेगळा निघाला, अडीच महिन्यांपूर्वीचा. तिने तो मोठ्याने वाचला.

"दादा, नवी गाडी घेतलीस तो दिवस माझ्या लक्षात आहे. रस्त्याच्या पलीकडून बघितली होती. दर वर्षी त्या तारखेला मनात येतं. या वर्षी तू नाहीस, म्हणून लिहितो. मुलांना म्हणावं, विमा बघा. माझं झालं तसं कुणाचं होऊ नये."

ताईने चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. काका प्लॅस्टरवरचा नसलेला धागा ओढत बसले.

थोरलीच्या मनात आलं, अण्णांनी पाकिटावर लिहिलेलं घरातल्या प्रत्येकाने वाचलं, चौदा महिने देवाच्या वाक्यासारखं मानलं. आणि जो खरोखर सांगत होता, त्याचं वाचायला त्याच्याकडे बघावं लागलं असतं.

"उत्तर द्यायचं राहिलंय," आई म्हणाली. "लिही ग. तुझ्या हाताने लिही, मी सांगते."

ती सांगत गेली आणि थोरली लिहीत गेली. फार नव्हतंच. निरोप मिळाला. वाचायला उशीर झाला, चूक आमची. चहाला या.

पाठव म्हटल्यावर तिने पाठवलं. आणि काकांच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी गुरगुरलं.

काकांनी डाव्या हाताने, उजव्या बाजूच्या खिशातून, मोठ्या खटपटीने फोन काढला. वर नाव आलं होतं, 'दादा'. ते त्या नावाकडे बघत राहिले. धाकटा मदतीला उठला, तसा त्यांनी त्याला नजरेनेच बसवला. चष्मा नाकावर नीट केला, निरोप वाचला, पुन्हा वाचला. मग डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर शोधत लिहायला लागले. फार वेळ लागला. मास्तरांचा पाय टेबलाखाली आपोआप ब्रेकवर गेला. चहा गार झाला.

शेवटी थोरलीच्या हातातला फोन थरथरला. तिने तो आईसमोर धरला, आणि आईने चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यातला निरोप स्वतः वाचला.

"आलोच आहे," काकांनी लिहिलं होतं.

मग त्यांनी चहाचा कप पुढे ओढला आणि म्हणाले, की गार झालाय, दुसरा टाका.